तोरणाखालचा आपला वाद

गुणवंता,

तुह्या हिशोबानं तू आता कुठंच नाई. माणूस गेला म्हणजे गेला, मागं त्याचं काम राह्यते, असं तूच मले विहाराच्या ओट्यावर बसून सांगे. माह्या हिशोबानं तू आहे. कुठं आहे ते माहीत नाई, पण आहे, अन् कान देऊन आहे. हा वाद आपला मिटला नाई, म्हणून मी माह्याच हिशोबानं लिहितो. चौथीतून शाळा सोडलेल्या माणसाचं लिहिणं आहे. ऱ्हस्व-दीर्घ पाहत बसू नको. लाल पेन आता तुह्या खिशात नाई.

पहिले तुह्या शोकसभेचं सांगतो. ग्रामपंचायतीपुढं मंडप टाकला होता. समुद्रपूरहून मास्तर लोक आले, जामचे दुकानदार आले, तुह्या हाताखाली शिकलेले साहेब लोक गाड्या घेऊन आले. जो उठे तो एकच शब्द म्हणे. निर्भीड. गुरुजी निर्भीड होते. गुरुजी उभ्या जन्मात कोणाले भेले नाई. मी मागच्या खुर्चीवर दात खात बसलो होतो. शेवटी माईकवाल्यानं म्हटलं, "किसनाजी, तुम्ही गुरुजीचे लंगोटीयार. दोन शब्द बोला."

मी उठलो अन् म्हणालो, "खोटं आहे."

एवढं म्हणालो अन् खाली बसलो. पुढचं सांगाले गेलो असतो तं आपल्या वादात माही हार झाली असती, अन् तुह्याच शोकसभेत मी तुह्याकडून हारणार नाई. लोकायनं एकमेकाच्या तोंडाकडं पाह्यलं. कोणी म्हणे, म्हातारा दुःखानं फिरला. तुह्या घरची, सुलोचना वहिनी, तेवढी पदराआड हसली. तू गेल्यावर ती पहिल्यांदा हसली ती तवा, माह्या त्या दोन शब्दांवर. आता बोल.

वाद कोणता ते तुले सांगाले नको. पण हे कोणी दुसराही वाचन, म्हणून सांगतो.

आपल्याकडं मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोट्ट्यायचा तान्हा पोळा. पोट्टे लाकडाचे बैल घेऊन मारुतीच्या पारापाशी येते, आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली रांगेनं उभे राह्यते, मी झडती म्हणतो, म्हणजे पोळ्याच्या जुळवलेल्या दोन-चार ओळी, गाव ओरडते, अन् पोट्ट्यायले बोजारा भेटते, खाऊ म्हणा का खुर्दा म्हणा. बाकीच्या गावी पोट्टे सजवून आणते. कोणी शंकर, कोणी परी, कोणी पोलीस. तू बदली होऊन आपल्याच गावच्या शाळेत आला अन् पहिल्याच साली आडवा झाला. सोंग घ्यायचं तं शूर माणसाचं घ्यायचं, अन् तो माणूस खरा होऊन गेलेला पायजे. नाव सांगायचं नाई. मी झडतीत त्याची खूण सांगन अन् गाव ओळखन.

इथपर्यंत मले पटलं. शूर माणूस अन् झडती, म्हणजे मेतकूट अन् भात.

पण गाव ओळखून ओरडलं, की तू पांढरा पायजामा सावरत त्या पोट्ट्यापुढं मातीत गुडघे टेकवे अन् साऱ्यायले ऐकू जाईन अशा आवाजात विचारे, "आता सांग. तू भेला कधी?"

पहिल्या साली दामल्याचं पोट्टं महाराज होऊन आलं होतं. काजळाची दाढी, पुठ्ठ्याची तलवार. तू विचारलं अन् पोट्ट्याचा चेहरा उतरला. रडते का काय असं झालं. त्याचा बाप पुढं सरकला, "गुरुजी, महाराज भेते का कुठं?" गर्दी तुह्यावर चालून यायची बाकी होती. मीच आडवा झालो. अन् आडवा होऊन तुलेच म्हणालो, "काऊन बे, पोट्ट्यायले भेव शिकवतं का?"

तू पोट्ट्याले शांतपणे विचारलं, "तो मोठा सरदार भेटीले बोलावते, मिठी माराले हात पसरते. तवा अंगरख्याच्या आतून तू काय घातलं होतं?"

"चिलखत," पोट्टं म्हणे.

"कायले घातलं?"

पोट्ट्यानं पुठ्ठ्याची तलवार काखेत धरली. मग म्हणे, "तो मारन म्हणून." अन् छाती काढून म्हणे, "पण गेलो ना मी!"

बाप हसला. गाव हसलं. तू माह्याकडं पाह्यलं. मी म्हणालो, "ते भेव नाई. ते तयारी."

तिथून सुरू झालं. तू म्हणे भेव, मी म्हणो तयारी. पाठीशी लेकरू बांधून घोडा फेकणारी राणी घे. तू म्हणे, तिले मरायचं भेव नव्हतं, लेकरू मागं सोडायचं होतं, म्हणून तं बांधलं. मी म्हणो, तयारी. जंगलातून तीर चालवणारे आपले गोंड राजे घे. तू म्हणे, झाडामागून काऊन मारे, मैदानात काऊन नाई? मी म्हणो, तयारी, लेका, तयारी! शूर माणूस भेत नाई. भेते तो शूर नाई. पोट्ट्यायले सरळ सांग. त्यायच्या डोक्यात कायले कालवाकालव करतं?

तू माह्या धंद्यावर येऊन वाद करे. जामच्या चौरस्त्यावर माहं पंक्चरचं दुकान, तू शाळा सुटल्यावर सायकल टेकवून जुन्या टायरवर बसे. एकदा मी ट्रकच्या चाकात हवा भरत होतो. चाकाची लोखंडी रिंग बसली नसन तं हवेनं उडते, माणसाचं डोस्कं फोडते. म्हणून मी रिंगवरून आडवी सळाक अडकवतो.

तू म्हणाला, "ते सळाक कायले?"

"रिंग उडाली तं?"

"म्हणजे भेतं."

"तयारी होय ते!"

"तयारी कोण करते, किसना? ज्याले भेव वाटते तोच ना? ज्याले वाटतच नाई तो काय बेशुद्ध माणूस आहे का?"

बाजूले एक सरदारजी ट्रकवाला खाटेवर लोळत होता. तो उठून बसला अन् म्हणे, "मास्टरजी की बात में दम है." मी त्याच्या चाकात थोडी हवा कमीच भरणार होतो. भरली पुरी. पण त्याले चहा पाजला नाई.

खरं सांगतो, मी इतिहास शाळेत शिकलो नाई. चौथीत त्या वेळच्या मास्तरच्या छडीनं पळालो तो थेट टायरच्या दुकानात. इतिहास मी त्या टायरवर शिकलो. तू किल्ल्यावरच्या, जंगलातल्या, तुरुंगातल्या माणसायच्या गोष्टी सांगे. मी हात धुता धुता त्याची झडती करो. ट्रकवाले गाडी तयार झाली तरी जात नव्हते, म्हणत, फिर क्या हुआ. तू म्हणे, "तुह्या झडतीशिवाय माहा इतिहास मुका आहे रे." मी म्हणो, "अन् तुह्या त्या प्रश्नाशिवाय माही झडती जास्त रंगते." ते मी उगाच म्हणो. तुह्या प्रश्नाच्या वेळी गाव जेवढं चूप राहे तेवढं माह्या झडतीच्या वेळी कधी राह्यलं नाई. हे तुले तू जिता असताना सांगतलं नाई, कारण तू डोक्यावर बसला असता.

अन् दोन्हीकडून तू शिव्या खाल्ल्या हेही लिहून ठेवतो. इकडचे, पाराकडचे लोक म्हणत, पाराशी येऊन हा आम्हाले काय शिकवते? तुह्या पुऱ्यातले, विहाराकडच्या वस्तीतले म्हणत, गुरुजी, आपले लेकरं त्यायच्या तोरणाखाली कायले नेता? तू दोघायलेही एकच उत्तर दे. "तोरण आंब्याच्या पानाचं आहे. आंबा कोणाच्या बापाचा?"

तुह्या पुऱ्यातलं ते पोट्टं आठवते? निळा कोट, डोळ्यावर मोठा चष्मा, काखेत पुस्तक. मी झडती म्हटली:

"तहानेल्या पोट्ट्याले कोणी पाणी दिलं नाई,
त्यानं तळंच हालवलं, मग पाणी थांबलं नाई!"

तुह्या पुऱ्याची सारी माणसं हात वर करून ओरडली. माहा घसा फाटला होता, तरी मी दुसऱ्यांदा म्हटली. मग तू गुडघे टेकले. "तू भेला कधी?"

पोट्टं म्हणे, "शाळेत. तहान लागली की. चपराशी वरतून पाणी ओते. तो आला नाई तं त्या दिवशी पाणी नाई. सकाळपासूनच भेव वाटे, आज तो येते का नाई."

पाराच्या बाजूले आपली विहीर आहे. तिच्यावर पहिले कोण पाणी भरे अन् कोण दूर उभं राहे, हे त्या गर्दीतल्या प्रत्येक म्हाताऱ्याले माहीत होतं. कोणी विहिरीकडं पाह्यलं नाई. म्हणूनच समजलं का सारे तिचाच विचार करून राह्यले.

तू माह्याकडं पाह्यलं. वाट पाहत होता, का मी म्हणन, तयारी. मी म्हटलं नाई. एवढ्याशा लेकराची तहानेची काय तयारी राह्यते? पण मी हारलो नाई, गुणवंता. मी पुढच्या पोट्ट्याची झडती सुरू केली. वाद पुढं ढकलला, एवढंच.

अन् मागच्या सालची आचल. पाटलाच्या वाडीवर सालगडी म्हणून राह्यते त्या विलासची पोरगी, चौथीतली. नऊवारी नेसून, कपाळावर मोठं कुंकू, एका हातात लाकडाचा बैल अन् दुसऱ्या हातात कापडाची पिशवी. पोरींसाठी शाळा काढणारी ती मास्तरीणबाई. मी म्हणालो:

"शेण फेका, माती फेका, फेका धोंडे चार,
पोरी शिकल्या, तुम्ही बसले धूत आपलं दार!"

बायाच जास्त ओरडल्या. तू विचारलं, "भेली कधी?"

"रोजच," आचल म्हणे.

"रोज?"

"घरून निघताना. हे काय." तिनं पिशवीतून घडी केलेलं दुसरं लुगडं काढून दाखवलं. "शेण पडन हे माहीत होतं ना. शाळेत गेल्यावर बदलाले."

मी मागून ओरडलो, "पाह्य! तयारी!"

पोरगी माह्याकडं वळली. एवढीशी. म्हणे, "हव आबाजी, तयारीच. पण भेव नसतं वाटलं तं तयारी काऊन केली असती?"

तुहंच वाक्य. अन् तू तिले शिकवलं नव्हतं, तू शपथ घेऊन सांगतलं. गाव माह्यावर हसलं. तू नाई हसला. तू माती झटकत उठला अन् माह्या जवळून जाताना हळूच म्हणाला, "चहा पाजजो." मी पाजला नाई. आता कप भरून ठेवतो अन् तो थंडा होते.

मग आषाढात वर्ध्याच्या दवाखान्यात. दुपारची भेटायची वेळ. तू एवढासा झाला होता खाटेवर. वहिनी डब्बा धुवाले गेली, तवा तू म्हणाला, "किसना, भेव वाटून राह्यलं."

"कायचं भेव बे? पोळ्याच्या आधी घरी येशीन."

"तसं नाई. खरंच वाटते."

"तू भेत नाई. मले माहीत आहे."

"तुले काय माहीत? तूच तं पहिल्यांदा विचारलं होतं."

"काय विचारलं होतं?"

"भेला नाई का बे, म्हणून. मातीचा बैल. विसरला?"

विसरलो होतो. तू सांगाले लागला अन् एक एक दिसाले लागलं.

आपण लहान होतो. तुह्या पुऱ्यातल्या पोट्ट्यायले तवा तोरणाखाली बोलावत नव्हते. तुह्यापाशी लाकडाचा बैल नव्हता, तं तू नाल्याच्या काळ्या मातीचा केला होता, तुराटीचे पाय लावून. तो छातीशी धरून तू तोरणाबाहेर निंबाखाली उभा. कोणीतरी म्हणे, घरी जाय. तू गेला नाई. दुसऱ्यानं हात उगारला. तू गेला नाई. सारे बैल गेले, लोक बोजारा वाटून घरी गेले, तोरण तसंच लटकत राह्यलं. मग तू एकटा बैल घेऊन तोरणाखालून चालत गेला. इकून शिरला, तिकून निघाला. कोणी पाह्यलं नाई. मी पाह्यलं, कारण मी पारामागं चिंचा खात होतो. मी धावत आलो अन् विचारलं, "भेला नाई का बे तू?"

तू म्हणाला होता, "भेलो ना. पाय कापत होते. पण हातात बैल होता. हात रिकामे असते तं पळालो असतो."

दवाखान्यातल्या खाटेवर तू तेच वाक्य पुन्हा म्हटलं. अन् म्हणाला, "जन्मभर मले कोणी हे विचारलं नाई, किसना. बाकी साऱ्यायनं, तू शूर आहे, एवढंच सांगतलं. विचारलं तुवाच. मी तं तुहाच प्रश्न घेऊन फिरलो. तो माहा नाई."

मी काय म्हणालो असन? मी म्हणालो, "ते काई असो. तू भेत नाई." तेवढ्यात नर्स आली, वेळ संपली म्हणे. तेच माहं तुह्याशी शेवटचं बोलणं. श्रावण लागला अन् तू गेला.

लोक म्हणते, शेवटचं बोलणं गोड असावं. आपलं भांडण होतं. मले चालते. पण एक सांगायचं राह्यलं ते आता सांगतो. मी मोटारीत बसून जामपर्यंत आलो तवर तेच घोकत होतो. भेकड माणूस सांगत नाई. तो मिशीले पीळ देते, दुसऱ्यावर ओरडते, आडवा होते. तू खाटेवर पडून सरळ सांगतलं, भेव वाटते. असं सांगाले जिगर लागते. म्हणून तू शूर, अन् म्हणून माहंच खरं. आता यातून तुहं कसं खरं निघते ते तू काढत बस.

तू गेल्यावर तान्ह्या पोळ्याच्या मंडळाची बैठक झाली. निखिल आता अध्यक्ष आहे. माह्या धाकट्या भावाचा नातू, तुह्याकडंच दुसरीत अडकला होता तो. मी गेलो. कोणी बोलावलं नव्हतं.

निखिल म्हणे, "आबाजी, यंदा जंगी करतो. डीजे सांगतला. ज्याचा ड्रेस भारी त्याले बक्षीस. कोणतंही सोंग चालन."

"अन् प्रश्न?"

"तो बंद. गुरुजी गेले, आता विचारन कोण? अन् पोट्टे रडते, आबाजी. मायबाप आमच्यावर ओरडते. सणाच्या दिवशी कायले पोट्ट्यायले भेव आठवून द्यायचं?"

हेच मी तुले म्हटलं होतं, गुणवंता. शब्दाले शब्द. माहंच वाक्य त्याच्या तोंडून ऐकलं अन् माह्या अंगाची आग झाली.

मी म्हटलं, "मी विचारन."

"तुम्ही? तुम्ही तं त्याच्या विरोधात होते! साऱ्या गावाले माहीत आहे."

पोट्टे फिदीफिदी हसले. एक जण म्हणे, "आबाजी, तुम्ही असं करा, झडती मोबाइलमधी भरून द्या. आम्ही डीजेवर लावू. तुमच्या घशालेही आराम."

"माह्या घशाले आराम मसणात भेटन," मी म्हटलं. "तोवर माही झडती डबड्यातून निघणार नाई."

निखिल वाईट पोट्टं नाई. त्यानं हात जोडले. "आबाजी, ठरलं आहे. माईक आता मंडळाचा. तुम्ही पुढच्या खुर्चीत बसा, शाल देतो."

शाल! मी उठून आलो.

माईक मंडळाचा, पार मंडळाचा. पण रांग पोट्ट्यायची. तिच्यात उभं राह्याले वयाची अट कोणी लावली नाई.

मोठ्या पोळ्याच्या सकाळी मी नाल्यावर जाऊन काळी माती आणली अन् तुह्या घराच्या ओट्यावर बसून बैल कराले लागलो. टायर फिरवणारे हात, त्यायले कायची मूर्ती जमते? वहिनी चहा घेऊन आली, वाकून पाह्यलं अन् म्हणे, "भाऊजी, हे डुक्कर होय का?"

"बैल होय."

"वशिंड तरी द्या मग त्याले."

तिनंच बोटानं वशिंड वर ओढलं. तुराट्या मोडून पाय तिनं लावले. बसताना एक पाय तिरपा बसला. ती म्हणे, "त्यायचाही असाच तिरपा होता. मले सांगतलं होतं." म्हणजे तुनं तिलेही सांगतलं होतं. फक्त मीच विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी रांगेत. माह्यापुढं पंख लावलेली एक परी, माह्यामागं एक पोलीस. पोलीस झालेलं पोट्टं म्हणे, "आबाजी, तुमचा नातू कुठं आहे? त्याची जागा पकडली का?" मी म्हटलं, "माहीच जागा आहे. तू सरळ उभा राह्य, शिपाया." लोक हसत होते. कोणी मोबाइल काढले. पुढच्या खुर्चीवरून कोणी ओरडलं, "म्हाताऱ्याले परत दात येऊन राह्यले!" डीजे असा वाजे का पारावरचे कबुतर उडून गेले. माहे गुडघे दुखत होते. बैल ओला होता, त्याची माती माह्या सदऱ्याले लागत होती.

रांग सरकत सरकत मी तोरणाखाली आलो. निखिलनं हसू दाबत माईक धरला. "तुम्ही कोण झाले, आबाजी?"

"गाणं बंद कर."

"आबाजी..."

"बंद कर म्हणतो, निखिल. एका झडतीपुरतं."

त्यानं हात केला. डीजे थांबला. मी माईक घेतला नाई. तसाच म्हणालो:

"मातीचा बैल, त्याले तुराटीचे पाय,
तोरणाबाहेर उभा, कोणी बोलावत नाय;
सारे गेले घरी, हा एकटाच उरला,
पाय कापत कापत तोरणातून फिरला!"

कोणी ओरडलं नाई. ओळखलं नाई कोणी. ओळखणार कसे? त्या दिवशी चिंचा खाणारा मीच एक होतो. वहिनी बायांमधी उभी होती, तिनं मान खाली घातली. पाराच्या कडेले बसलेले दोन-चार म्हातारे मात्र निंबाकडं पाहाले लागले. त्यायले थोडं थोडं आठवत असन.

निखिलले काई समजलं नाई. तो पुढच्याले हाक मारणार तेवढ्यात मागून, पोट्ट्यायच्या गर्दीतून, आवाज आला.

"तो भेला कधी?"

आचल होती. यंदा ती कोणतंच सोंग घेऊन आली नव्हती, नुसती बैल घेऊन आली होती. ती रांग सोडून पुढं आली. मी उभा, ती माह्या कमरेएवढी. तिले गुडघे टेकायची गरज नव्हती. तिनं मान वर केली अन् पुन्हा विचारलं, "आबाजी, तो माणूस भेला कधी?"

मी म्हणालो, "दोनदा भेला, मले माहीत आहे तेवढं. एकदा इथं, याच तोरणाखाली, तुह्याहून लहान होता तवा. अन् एकदा आषाढात, वर्ध्याच्या दवाखान्यात. दोन्ही वेळा त्यानं मले सांगतलं."

'वर्ध्याचा दवाखाना' म्हटलं अन् गावाले समजलं.

तुह्या पुऱ्याकडून पहिले कोणी ओरडलं ते मले दिसलं नाई. मग पाराकडून. मग सारेच. नाव कोणी घेतलं नाई. नेम तुहाच होता ना, नाव सांगायचं नाई. निखिलनं टोपी काढली होती. त्यानं माह्यामागच्या पोलिसासमोर माईक धरला, अन् खाली बसून, गुडघे टेकून, त्याले विचारलं, "तू भेला कधी रे?"

पोलीस म्हणे, "आता. आबाजी ओरडले तवा."

गाव असं हसलं, गुणवंता! तू पायजे होता.

नंतर डीजे पुन्हा लागला. तो लागणारच होता. बक्षीस पंखवाल्या परीले भेटलं. पण रांग संपेपर्यंत पोट्टे एकमेकाले तेच विचारत होते, अन् कोणी रडलं नाई. मंडळानं आता काईही ठरवो. प्रश्न माहा आहे. मी विचारला होता, चिंचेनं आंबलेल्या तोंडानं. तू तो नुसता वापरला. माही वस्तू बंद करायचा हक्क कोणाले नाई.

घरी जाताना आचल सोबत होती. माह्या हातातला बैल पाहून म्हणे, "आबाजी, हे डुक्कर होय का?" वहिनीनं शिकवलं असन. मग जरा चालल्यावर म्हणे, "तुम्ही कधी भेले?"

मी म्हणणार होतो, मी भेत नाई. ओठावर आलं होतं. जन्मभर तेच म्हटलं आहे.

"आता रांगेत," मी म्हटलं. "पाय कापत होते. हातात बैल होता म्हणून पळालो नाई."

तिनं मान हलवली, जसं काई हे तिले पहिलेच माहीत होतं.

हे तिले सांगतलं, गुणवंता. तुले मी अजूनही सांगतो, ती तयारी होती.